‘व्याप्त’, ‘कब्जा’ की ‘भोगवटा’?

तळटीप: संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९ डिसेंबर २०१६ रोजी क्रिमियातल्या (रशियाने २०१४मध्ये युक्रेनकडून ताब्यात घेतलेला प्रदेश) मानवी हक्कांवर ठराव केला. आमच्या अभ्यासगटासाठी मी तो मराठीत आणते आहे. त्यात रशियाला ‘ऑक्युपाइंग पॉवर’, म्हणजे दुसऱ्याचा प्रदेश बळाने ताब्यात ठेवणारी सत्ता, म्हटलंय. ‘व्याप्त प्रदेश’ जमलं, पण ‘व्याप्त करणारी सत्ता’ माझ्याच घशाखाली उतरेना. ‘व्याप्ती’ लिहिलं तर सहकारी म्हणाले, ती विषयाची असते. काय करू?

खळं: ‘पाकव्याप्त काश्मीर’मुळे ‘व्याप्त’ सगळ्यांना कळतो, पण तो तेवढ्या जोडीपुरताच. ‘कब्जेदार सत्ता’ लिहा.

पिंपळपान: कब्जा अरबी. ‘व्यापणे’ आपलं असताना उसनवारी कशाला?

खळं: धूर घर व्यापतो, पाऊस आभाळ व्यापतो. त्यात कुणी कुणाचं काही घेतलेलं नसतं. आमच्या वाटणीच्या भांडणात आजी म्हणायची, “कब्जा त्यांचा असेल, जमीन आपली आहे.” युद्धाविषयीच्या १९०७च्या हेग नियमांमागचं तत्त्व हेच: ताबा आला म्हणून मालकी येत नाही. हे ‘कब्जा’ शब्दात आपोआप येतं.

ओसरी: फक्त ‘भोगवटा’ टाळा. महसुलात ऑक्युपंट म्हणजे भोगवटादार, वर्ग १ आणि वर्ग २. एका अनुवादात मी खरोखर ‘भोगवटादार सत्ता’ वाचलंय. सातबाऱ्यावर रीतसर नाव लागल्यासारखं वाटतं. क्रिमियाच्या बाबतीत हा ठराव नेमकं त्याच्या उलट सांगतो.

चांदणं: मग सरळ ‘वादग्रस्त प्रदेश’ म्हणा ना, कुणाचीच बाजू नको. भारताने तर या ठरावाविरुद्ध मत दिलं होतं. ७० बाजूने, २६ विरोधात, ७७ तटस्थ.

तळटीप: मतं कशीही पडोत, ठरावात जे आहे तेच मला लिहायला हवं. ‘वादग्रस्त’ म्हटलं की दोन दावे एका रांगेत बसतात. ‘व्याप्त’ म्हटलं की युद्धात नागरिकांना संरक्षण देणारा १९४९चा चौथा जिनिव्हा करार लागू होतो आणि तिथल्या माणसांची जबाबदारी ताबा घेणाऱ्यावर येते. वेस्ट बँकेला इस्रायल वादग्रस्त म्हणत आलाय, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४मध्ये व्याप्त म्हटलं. कुणाचं घर पाडलं, कुणाला हद्दीबाहेर घालवलं, त्याचा जाब विचारायचा तर या एका शब्दावर बरंच अडतं.

पिंपळपान: मान्य. पण तुम्ही सगळे ‘ठराव’ लिहिताय, पेपरात ‘प्रस्ताव मंजूर’ येतं.

ओसरी: ती हिंदीची सावली. ग्रामसभेत प्रस्ताव मांडतात, मग ठराव होतो. वडील सरपंच होते, ठरावबुक घरीच असायचं. ‘प्रस्ताव’ म्हणजे सुरुवात, ‘प्रस्तावना’तला तोच. ठरलं की ठराव.

चांदणं: विधानसभेत ‘अविश्वास ठराव’ नुसता मांडला तरी ठरावच म्हणतात. मग तुमचा नियम कुठे गेला?

ओसरी: ती सवय आहे, नियम नव्हे.

चांदणं: सवयीलाच भाषा म्हणतात, ओसरी.

पिंपळपान: असं म्हणत म्हणत सगळंच सोडून द्यायचं का?

तळटीप: मंडळी, अजून एक अडलंय. क्रिमियन तातारांच्या ‘मेजलिस’ या प्रातिनिधिक संस्थेवरची बंदी उठवा, असं ठरावात आहे. १९४४मध्ये स्टालिनने या लोकांना मुळासकट उपटून मध्य आशियात पाठवलं, परतायला अनेकांना चाळीसएक वर्षं लागली. त्यांच्या मेजलिसला ‘परिषद’ म्हणू?

खळं: अजिबात नको! हा तर आपलाच शब्द. जुन्या मराठी महजरांत, म्हणजे निवाड्याच्या कागदांत, ‘हाजीर मजालस’ येतं, म्हणजे निवाड्याला बसलेली मंडळी. मूळ अरबी, अर्थ बैठक.

पिंपळपान: बघा, पुन्हा अरबी.

खळं: तीनशे वर्षं कागदावर आहे हो. अजून किती राहायला हवा?

ओसरी: ‘मजालस’ की ‘मजलस’? आमच्याकडच्या एका महजराच्या नकलेत ‘मजालसी’ आहे. उद्या कागद काढून बघतो.