बर्नआउट : थकवा, शीण, उबग की आणखी काही?
(गोव्यातल्या पाच ठिकाणांचं बोलणं; बोलणाऱ्याच्या नावाजागी गावाचं नाव)

साखळी
आमच्या महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला थोडा वेळ बोलायचंय, विषय बायकांचा बर्नआउट. समोर अंगणवाडी सेविका असतील, शिक्षिका असतील, पहाटेची कदंब बस पकडून पणजीला नोकरीला जाणाऱ्या असतील आणि घरीच राबणाऱ्याही. थकवा म्हटलं की सगळ्या माना डोलावणार आणि म्हणणार, बाय, कोण थकत नाही, रात्री लवकर झोप. मला तर नेमकं तेच सांगायचंय जे झोपून जात नाही. तुम्ही कुठला शब्द वापरता?

फोंडा
माझ्या तोंडात शीण येतो. पण शीण उतरतो, शीण काढतात, म्हणजे विसावा घेतला की गेला हे त्या शब्दातच आहे. आजी "जीव मेटाकुटीला आला" म्हणायची पण ते त्या दिवसापुरतं असायचं. पिचणे त्यातल्या त्यात जवळचं वाटतं, कारण पिचणं हळूहळू होतं, वर्षं जातात. फक्त संसारात पिचली म्हटलं की गरिबी, सासुरवास असं डोळ्यासमोर येतं, महिन्याला पगार आणणारी बाई स्वतःला पिचलेली म्हणवून घेणार नाही, आणि ताई तुमच्यासमोर त्याच जास्त बसल्या असतील ना?

पर्वरी
मी नर्स आहे म्हणून आधी व्याख्या सांगते, मग शब्द सोपा जाईल. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये मोफत दवाखान्यात झोकून देऊन काम करणाऱ्यांबद्दल हा शब्द वापरला. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तो मोजायची प्रश्नावली केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या आजारांच्या यादीत त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणचा ताण खूप काळ नीट हाताळला न गेल्याने येणारी अवस्था असं म्हटलंय आणि खुणा तीन सांगितल्यात: अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल मन उठणं किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. थकवा, शीण हे सगळे पहिल्या खुणेचेच शब्द झाले, बाकीच्या दोन राहूनच जातात.

डिचोली
मग दुसऱ्या खुणेला मराठीत शब्द आहे की, उबग! कंटाळा वेगळा, कंटाळा आला तर आपण दुसरं काहीतरी करतो. वीट येतो तो एकच गोष्ट फार झाली की, रोज रोज तीच आमटी असली की. उबग त्याच्या पुढचा, समोरचं माणूसच नकोसं होतं. मी प्राथमिक शाळेत शिकवते. एक मैत्रीण आहे, मुलांवर जीव टाकणारी, गेल्या वर्षी एक पोरगं चित्र दाखवायला टेबलापाशी आलं तर हिने वहीवरून मानच वर केली नाही, नुसतं "ठेव" म्हणाली, पोरगं तसंच उभं राहिलं आणि मग वही घेऊन परत गेलं. ती थकली होती हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, पण मला खरी भीती वाटली ती त्या "ठेव"ने. ताई, तुम्ही बायकांना हेच विचारा, ज्या माणसांसाठी एवढं करता त्यांचा उबग यायला लागलाय का? थकलात का विचारलं तर सगळ्याच हो म्हणतील, या प्रश्नावर जी गप्प होईल तिच्याशी नंतर बोला.

मडगाव
उबग पटला. पण ती व्याख्या नोकरीपुरतीच आहे, घरचं काम त्यात धरलेलंच नाही, आणि आपल्याकडे बाईची नोकरी संपते तिथे दुसरी पाळी सुरू होते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. आणि एक खास गोव्याचं. इथल्या १८ ते ५० वयाच्या २४९४ बायकांचा अभ्यास २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता, १२.१ टक्के बायकांना सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ थकवा होता. त्याचा संबंध हिमोग्लोबिनशी लागला नाही, लागला तो मनाच्या त्रासाशी आणि घरात बाई म्हणून सोसाव्या लागणाऱ्या जाचाशी. आपण मात्र थकली म्हटली की बीट खा, खजूर खा, एवढ्यावर विषय मिटवतो.

पर्वरी
हो, पण रक्त तपासूच नका असा अर्थ कोणी काढू नये गं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर हे आधी बघायचंच, त्यातलं काही निघालं तर औषधाने फरक पडतो. आणि आवडीच्या गोष्टीतही गोडी राहिली नाही, सगळ्यातूनच मन उडालं, जगणं नको वाटायला लागलं तर त्याला उबग म्हणून सोडून देऊ नका, ते नैराश्य असू शकतं. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत ओपीडी आहे, आणि टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. हा नंबर भाषणात दोनदा सांगा, लिहून घ्यायला वेळ द्या.

साखळी
ओळखायला उबग घेते, ठरलं. आता त्यातून बाहेर पडायला काय म्हणू? "बरी होणे" म्हटलं की आजार वाटतो. सावरणे?

फोंडा
सावरणे चांगलाय, पण त्यात पुन्हा सगळं तिनेच करायचं, तिनेच पडायचं आणि तिनेच सावरायचं. मला उसंत हवा तिथे. सुट्टी आणि उसंत एक नाहीत हे आपल्याला चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला कळतं, ऑफिसला सुट्टी असते आणि बाई नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) पाऱ्या लाटत मध्यरात्रीपर्यंत बसलेली असते, एका हाताने मुरड घालायची, दुसऱ्या हाताने कढईखालचा गॅस बारीक करायचा, मध्येच कोणीतरी विचारतं, गणपतीच्या वर फळं-फुलं बांधायच्या माटोळीची दोरी कुठे ठेवलीस. दोरी कुठे आहे हे लक्षात ठेवायचं कामसुद्धा तिचंच! म्हणून आठ दिवस रजा काढून घरी बसली की ती आणखी दमून कामावर जाते.

डिचोली
अगदी. मॅस्लाक आणि मायकल लायटर यांनी कारणं सांगितलीत त्यात कामाचा बोजा हे एकच नाही, कामावर आपला ताबा नसणं, केल्याची कदर नसणं, आपल्या माणसांची साथ नसणं, अन्याय, मनाविरुद्ध करावं लागणं हेही आहे. आमच्या त्या मैत्रिणीचं असंच झालं, नुसत्या रजेने काही झालं नाही. मुख्याध्यापकांनी तिच्याकडचं माहिती भरायचं काम दुसऱ्याला दिलं आणि घरी सासूबाईंच्या औषधांच्या वेळा नवऱ्याने स्वतःच्या मोबाईलवर लावून घेतल्या, म्हणजे तिला आठवण करायचीही गरज उरली नाही, तेव्हा कुठे काही महिन्यांनी ती मुलांशी पुन्हा हसायला लागली. म्हणून मी "काम उतरवणे" म्हणेन. डोक्यावरचा हारा उतरवायला दुसरा माणूस लागतो, तसं.

साखळी
"काम उतरवणे" घेते, उसंतही घेते. विचारायचे प्रश्न असे लिहिलेत: कोणाचा उबग येतो? कुठलं काम उतरवता येईल? ते कोण उचलेल, नाव सांगा. तिसऱ्या प्रश्नासाठी नवऱ्यांनाही बोलवावं असं आता वाटतंय, हळदीकुंकू नसलेला दुसरा दिवस धरून. अध्यक्षीणबाईंशी उद्या बोलते.