कुत्रीला टेक्सासहून हवाईला न्यायचंय, चिप आणि रक्तचाचणीचा घोळ झालाय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
नवऱ्याची बदली होनोलुलूला झाली आहे, ऑगस्टअखेर निघायचंय. सोबत सहा वर्षांची लॅब्राडोर बिजली आणि लेकीचा हॅमस्टर. ओक्लाहोमातून टेक्सासला आलो तेव्हा रेबीजच्या लसीचा दाखला आणि हेल्थ सर्टिफिकेट गाडीत होतं, वाटेत कुणी विचारलंसुद्धा नाही. यावेळीही तेवढंच लागेल असं धरून चालले होते. पण अमेरिकेत रेबीज नसलेलं हवाई हे एकच राज्य, आणि तिथे अटी पूर्ण नसल्या तर जनावर १२० दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवतात! बिजली एक रात्रही आमच्याशिवाय राहिलेली नाही.

रेबीजच्या दोन लसी वर्षाच्या अंतराने झाल्यात. लस लागू पडली का ते दाखवणाऱ्या एफएव्हीएन रक्तचाचणीचा आकडाही हव्या असलेल्या ०.५ च्या वर आलाय. पण क्लिनिकने आधी रक्त घेतलं आणि चार दिवसांनी मायक्रोचिप बसवली, त्यामुळे रिपोर्टवर चिपचा नंबर नाही. आता म्हणतात, नंबर हाताने लिहून देतो. चालेल का? आणि रक्तचाचणीनंतर हवाईत पोचण्याआधी जे ३० दिवस जावे लागतात, ते कधीपासून मोजायचे? आज १० जून आहे.

प्रतिसाद १:
नाही चालणार, ताई. चिप रक्त घेण्याआधीच हवी. हे रक्त याच कुत्रीचं, याचा तोच पुरावा. याच आठवड्यात आधी चिप स्कॅन करून मग पुन्हा रक्त द्या. नमुना प्रयोगशाळेत पोचला की दुसऱ्या दिवसापासून ३० दिवस मोजतात, रिपोर्टच्या तारखेपासून नाही. म्हणजे ऑगस्ट गाठता येईल. विमानतळावरूनच ताबा हवा असेल तर कागद १० दिवस आधी तिथे पोचायला हवेत. हेल्थ सर्टिफिकेट आणि गोचीडांचं औषध मात्र पोचण्याआधीच्या १४ दिवसांतलं लागतं, ते आत्ता उरकू नका. शक्यतो सकाळी उतरणारं विमान घ्या.
हॅमस्टरला हवाईत बंदीच आहे. तिथल्या हवेत सुटला तर रानात टिकून वाढेल म्हणून. आत्ताच चांगलं घर शोधा.

धागाकर्ती:
खूप खूप आभार! आज चिप स्कॅन करूनच रक्त दिलं, फॉर्मवरचा नंबर स्वतः दोनदा ताडून पाहिला. हॅमस्टरचं लेकीला रात्री सांगणार आहे, जीव होत नाहीये. आणखी एक: बिजली केबिनमध्ये मावणार नाही, आणि ऑगस्टच्या उन्हात विमान कंपन्या कार्गोत कुत्री घेत नाहीत म्हणे. उन्हाळ्यात कुणी नेलीय का? पहाटेचं विमान घेतलं होतं का?