मदत हवी आहे: हिरोशिमा-नागासाकी, वादविवादात प्रतिकूल बाजू कशी मांडू?

निशिगंध:
आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेचा विषय आहे 'जपानवर अणुबाँब टाकणे समर्थनीय होते'. माझी बाजू प्रतिकूल, वेळ ७ मिनिटे. 'बाँब टाकले नसते तर १० लाख अमेरिकी सैनिक गेले असते' हे समोरून येणारच. कसं खोडू?

दीपमाळ:
१० लाखांचा आकडा रूढ झाला तो युद्धमंत्री राहिलेल्या हेन्री स्टिमसन यांच्या फेब्रुवारी १९४७ च्या लेखामुळे. त्यातही ते हताहत आहेत, म्हणजे जखमी आणि बेपत्ताही त्यात आले. जून १९४५ मध्ये अमेरिकी लष्करी नियोजकांनी जपानच्या क्यूशू बेटाचा दक्षिण भाग आणि मग टोकियोचं मैदान यांवरील चढाईसाठी सुमारे ४०,००० मृत्यूंचा अंदाज बांधला होता. एवढं सांगून थांबा. नंतरच्या आठवड्यांत जपानने क्यूशूवर फौज बरीच वाढवली, त्यामुळे 'चढाई स्वस्तात झाली असती' म्हणालात की खंडनात सापडलात.

खरा जोर नागासाकीवर द्या. दोन्ही बाँब एकाच वाक्यात आणू नका. २५ जुलैच्या लेखी आदेशात पहिला बाँब साधारण ३ ऑगस्टनंतर, हवामान साथ देईल तेव्हा आणि पुढचे तयार होतील तसे टाकायचे, असं होतं. नागासाकीसाठी वेगळा निर्णय झालाच नाही! दुसरी मोहीम ११ ऑगस्टला ठरली होती, हवामानाच्या अंदाजामुळे ९ तारखेवर आली. मूळ लक्ष्य कोकुरा. तिथे खालचं दिसेना म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. हिरोशिमानंतर जपान काय ठरवतो हे बघायला या व्यवस्थेत जागाच नव्हती. माझ्या मते प्रतिकूल बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच.

निशिगंध:
'जपान आधीच शरण येत होता' हे घेऊ का?

गोदातीर:
नको. जुलैत परराष्ट्रमंत्री तोगो मॉस्कोतल्या राजदूताला तारा पाठवत होते त्या सोव्हिएत मध्यस्थीसाठी. बिनशर्त शरणागती मान्य नाही, असं त्यांत स्पष्ट होतं. त्याऐवजी ९ ऑगस्टची सकाळ मांडा. सोव्हिएत फौजा जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात शिरल्या होत्या, टोकियोत सहा जणांची युद्धपरिषद बसली होती आणि बैठक चालू असतानाच नागासाकीची बातमी आली. तरीही शरणागतीच्या अटींवर परिषद ३-३ अशी दुभंगलेलीच राहिली. शेवटी त्या रात्री सम्राटांनी शरणागतीच्या बाजूने कौल दिला.

'बाँबमुळेच शरण आले' म्हटलं तर सम्राटांचे दोन्ही संदेश पुढे करा. १५ ऑगस्टच्या जनतेसाठीच्या संदेशात नव्या, क्रूर बाँबचा उल्लेख आहे. १७ तारखेच्या सैन्यासाठीच्या संदेशात सोव्हिएत प्रवेश आहे, बाँब नाही. एकच वाचलात तर दुसरा समोरचा वाचेल.

१९४५ अखेरचे मृत्यू, हिरोशिमात अंदाजे १,४०,००० आणि नागासाकीत ७०,०००, हे एकदाच, सावकाश सांगा. नागासाकीच्या मुद्द्याला निदान ३ मिनिटे ठेवा.