बाहुली म्हणजे नुसतं खेळणं नाही

मुलींच्या हाती बार्बी द्यावी का, असा विषय निघाला की 'बाहुलीने काय होतंय, आपणही खेळलोच की,' असं म्हटलं जातं. मला नाही पटत. आजीने लुगड्याच्या चिंध्यांतून शिवलेल्या बाहुलीच्या कंबरेशी आपण कधी स्वतःची तुलना केली नाही. १९५९ साली आलेली बार्बी मात्र तयार तरुणीच होती.

२००६ मध्ये ब्रिटनमधल्या ५ ते ८ वर्षांच्या मुलींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बार्बीची चित्रं पाहिल्यावर त्यांतल्या लहान मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल जास्त नाराजी वाटली, आणखी बारीक व्हावंसं वाटलं. या वयात! अमेरिकेतला २०१४चा प्रयोग लहान होता, ३७ मुलींचाच, पण मला तोच जास्त अस्वस्थ करतो. बार्बीशी खेळलेल्या मुलींनी मुलग्यांना जमतील त्यापेक्षा कमी व्यवसाय स्वतःला जमतील असं सांगितलं. हातातली बार्बी डॉक्टरच्या वेषात असली तरी फरक पडला नाही.

२०१६ पासून बार्बी वेगवेगळ्या बांध्यांतही मिळते. पण आपल्या नाशकात मेन रोडच्या दुकानांत पुढे मांडलेली दिसते ती गोरी, पिवळ्या केसांचीच. आणि 'रंगाने उजळ आहे हो' हे कौतुक घरीदारी ऐकत वाढणाऱ्या पोरीच्या हातात आपण तीच ठेवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वाढदिवसाला बाहुली द्यायचीच असेल तर सावळी, काळ्या केसांची मागा. नसली तर 'पुढच्या वेळी आणा' असं दुकानदाराला सांगून या.