सल्ला हवा: कौलारू घराच्या वळचणीला दिवाळीची लायटिंग (सातारा)

पेठेतला
नमस्कार मंडळी. घर साताऱ्यात, मंगळवार पेठेत. समोरची बाजू जुनी, माडी आणि वर मंगलोरी कौलं, वळचण ३० फूट लांब आणि अंगणापासून १७-१८ फूट उंच. मागं पत्र्याची पडवी, डाव्या अंगाला नंतर वाढवलेली स्लॅबची खोली. मी पुण्यात असतो, धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री पोचतो, आणि तोपर्यंत आमच्या आप्पांनी (वय ७३) बांबूची शिडी लावून एकट्यानं सगळ्या माळा चढवलेल्या असतात. गेल्या वर्षी कौलावर गुडघा टेकला आणि चार कौलं गेली. कौलं जाऊ देत ओ, पण पाचवं धरून ते लोंबकळत होते असं शेजारच्या काकूंनी सांगितलं. आप्पा म्हणतात काकू वाढवून सांगतात.
त्यांची पद्धत अशी की माळ वाशांच्या खिळ्यांना वेढे देत न्यायची आणि पिन सैल असली की कापून टाकून वायरीची टोकं सोलून सरळ सॉकेटात, वर दोन माचिसच्या काड्या ठोकायच्या. चाळीस वर्षं असंच चाललंय, काही झालं नाही, हा त्यांचा पुरावा.
लायटिंग नकोच म्हणून उपयोग नाही, ते ऐकणारे नाहीत. तर काय घ्यावं, कौलं न फोडता कसं लावावं आणि कायमचं ठेवता येईल का, कोणी केलं असेल तर सांगा. मागच्या पत्र्यालाही लावायचीय. बिल किती येतं तेही सांगा, आई विचारतेय.

गोडोलीकर
माळा सोडा आता, स्ट्रिप लाईट घ्या, १२ व्होल्टची, सिलिकॉनचं कोटिंग असलेली आयपी ६५ वाली (म्हणजे धूळ-पाण्याला टिकणारी), आयपी २० स्वस्त मिळते ती घरातल्या पीओपीसाठी, बाहेर एका पावसात जाते. अ‍ॅल्युमिनियमचं चॅनेल मिळतं त्यात बसवली की दिवे टोचत नाहीत डोळ्यांना, सलग रेघ दिसते. एकच लक्षात ठेवा की ५ मीटरचा एक रोल असतो आणि एकाला दुसरा एकाला तिसरा असं जोडत गेलात की शेवटाला उजेड मंद पडतो, १२ व्होल्टमधले दोन तीन वाटेतच जातात. तुमचं ३० फूट म्हणजे ९ मीटरच्या वर होतंय, तर मधोमध सप्लाय द्या, दोन्हीकडं सारखा जाईल. अ‍ॅडाप्टर माडीत आत. मी स्लॅबच्या कठड्याखाली तीन वर्षांपूर्वी लावलीय, नुसतं बटण दाबायचं.

पेठेतला
धन्यवाद. पण कौलाला चॅनेल कुठं मारायचं? वळचणीला फळी नाही, वाशांची तोंडं उघडीच आहेत. आणि स्ट्रिपच्या मागच्या चिकटपट्टीचा अनुभव घेतलाय, चुन्याच्या भिंतीला चिकटवली तर संध्याकाळी चुन्यासकट खाली.

गोडोलीकर
मग फळी मारून घ्या सुताराकडनं, त्याच्यावर चॅनेल.

चारभिंती
जुन्या घराला पांढरी सलग रेघ? मोबाइलचं दुकान वाटेल. राग मानू नका.

मिरजेचा_वायरमन
दादा, आधी त्या माचिसच्या काड्या बंद करायला लावा, बाकीचं मागनं बघू. मी वायरिंगचीच कामं करतो म्हणून सांगतो, माळ म्हणजे काय तर बारक्या एलईडी एकामागनं एक जोडलेल्या असत्यात, एकेकीला तीनेक व्होल्ट येत्यात, म्हणून लोकांना वाटतंय काय होतंय त्याला. पण वायरीत येतंय ते २३०च. आणि ती वायर बघा जरा हातात घेऊन, वरचं प्लास्टिक नखानं सुद्धा निघतंय. कौलाची कड खरखरीत, पत्र्याची तर इळ्यासारखी, वारं सुटलं की माळ तिच्यावर घासत बसती आणि दोन रात्रीत तांबं उघडं. कौल कोरडं असंल तर निभावतंय. पत्र्याला लागलं की मग अख्खा पत्रा, त्याचे लोखंडी खांब, खांबाला बांधलेली धुण्याची तार, समद्यात करंट. सकाळी बाईमाणूस ओली कापडं घेऊन तिथंच येतंय. म्हणून पत्र्यावर २३०ची माळ लावायची न्हाई म्हंजे न्हाई. लावायचीच तर ती १२ व्होल्टची पट्टी लावा गोडोलीकर म्हणत्यात ती, न्हाईतर सोलरची माळ, तिला घरातनं लाइनच न्यावी लागत न्हाई.
दुसरं, माळांच्या पॉईंटला ३० मिलिअँपची आरसीसीबी बसवून घ्या, म्हंजे करंट कुठं गळला की आपोआप लाइन तोडणारा स्विच. लोक ईएलसीबीच म्हणत्यात, दुकानात काय बी म्हणा देतो तो. पण तिच्या भरवशावर अर्थिंग विसरू नका. अर्थिंग नसंल तरी ती ट्रिप होती, पण करंट तुमच्या अंगातनं जमिनीत गेल्यावर. पत्र्याच्या सांगाड्याला अर्थिंग दिलेलं असंल तर वायर टेकल्या टेकल्या बंद, माणूस मधी यायच्या आधी.
तिसरं, जुन्या घरात बटण फेजवर हाय का न्यूट्रलवर ते टेस्टरनं बघा. न्यूट्रलवर असंल तर बटण बंद करून पण माळेत फेज असतोयच. माळ काढताना पिन सॉकेटातनं काढूनच हात लावायचा. आणि पोलावरनं येणारी सर्व्हिस वायर वळचणीजवळनं आत येत असंल तर त्या कोपऱ्यात शिडीच लावू नका.

कराडचा
मांडववाल्याला सांगा ना सरळ, त्याची पोरं चढतात, एका तासात काम.

पेठेतला
सांगून बघितलं. दिवाळीत कुणी येत नाही, आला तर शनिवारी येतो म्हणून मंगळवारी येतो आणि तोपर्यंत आप्पा वर. आणि वायरमन साहेब, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली, धुण्याची तार खरंच त्याच खांबाला आहे. पत्र्याचा विषय घरात बंद झाला.

बोगद्यापलीकडं
आमच्याकडं माळ कशी लावायची हा प्रश्नच नाही, माळ टिकवायची कशी हा आहे. वानरं. कौलावरून एक टोळी गेली की माळ खाली, वर जाऊन पुन्हा लावा, तोवर ती दुसऱ्या घरावरून बघत बसतात. गेल्या साली एकानं दिवा दातानं उपटून चावून बघितला आणि थुंकला. (दिवसा पिन काढून ठेवतो आम्ही, त्यामुळं वानराला काही झालं नाही.) कौलाच्या वरनं काही नेऊ नका एवढंच सांगेन, जे लावायचं ते वळचणीच्या खाली लटकतं पाहिजे.

हळदपेव
मी सांगलीची, विश्रामबागेत फ्लॅट आहे त्यामुळं कौलांचं मला काही कळत नाही, पण वाचता वाचता एक डोक्यात आलं ते सांगते, हसू नका. गॅलरीत कपडे वाळत घालायचं हँगर असतं ना, छताला कप्प्या आणि दोरी ओढली की दांडी वर जाते, सोडली की खाली येते, ते. तसलंच वळचणीला केलं तर? माळ वर नेऊन बांधायचीच कशाला, खाली अंगणात बसून दांडीला बांधायची आणि दांडी वर ओढायची. कप्प्या एकदाच कुणाकडून तरी बसवून घ्यायच्या, पुढं दरवर्षी शिडी नाही. आप्पांना दोरी ओढायला द्या, म्हणजे लायटिंग त्यांनीच लावली असं होईल.

मिरजेचा_वायरमन
ताई एक नंबर. ह्यात माझं एवढंच, दांडी लोखंडी किंवा स्टीलची घेऊ नका, आणि कुणी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारेवर माळ बांधा म्हणंल तर ते पण नको, तार आणि माळ घासून तारच जिवंत व्हायची. वायरिंगचा पीव्हीसी पाइप घ्या, १० फुटाचा येतो, तुमच्या ३० फुटाला बरोबर तीन. हलका असतोय आणि करंट धरत न्हाई. दोरी नायलॉनची. माळ पाइपाला बांधायला काळे केबल टाय घ्या, पांढरे उन्हानं लवकर कडक होऊन तुटत्यात. टाय करकचून आवळायचा न्हाई, वायर पिचती.

पेठेतला
हे भारी आहे. आप्पांना फोनवर सांगितलं, पाच मिनिटं गप्प होते, मग म्हणाले "विहिरीच्या रहाटासारखं म्हण की". म्हणजे पसंत आहे. हूक कशात मारू, रिपांत (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्यांत) का वाशांत?

चारभिंती
रीप नको, पातळ असते, स्क्रू घातला की उभी चिरते. वाशाच्या तोंडाशी खालच्या बाजूनं मारा. जुनं सागवान असेल तर आधी बारीक बिट घालून भोक पाडून घ्या, नुसता पिळत गेलात तर हूक मोडून निम्मा आतच राहतो. माझ्या घरात तीन आहेत असे, अजून आत आहेत.

ऐतवडेकर
एवढा खटाटोप करण्यापेक्षा पणत्या लावाव्यात. आमच्या लहानपणी कुठं होत्या माळा.

बोगद्यापलीकडं
१८ फुटांवर पणत्या लावायला पण शिडीच लागते ओ.

गोडोलीकर
बिलाचं राहिलं. पाकिटावर वॅट लिहिलेले असतात ते बघा. समजा एका माळेवर १० वॅट आहे आणि तुमच्या सहा माळा, तर ६० वॅट. रोज ५ तास आणि १० दिवस, झाले ३ युनिट. काकूंना सांगा, इस्त्रीला जास्त लागतं. आणि एका माळेच्या शेवटाला दुसरी जोडता येते म्हणून सहाच्या सहा एकाला एक लावू नका, किती जोडायच्या ते पाकिटावर असतं, लिहिलं नसेल तर दोनच्या वर जाऊ नका.

हळदपेव
पावसाचं पण बघा, परतीचा पाऊस दिवाळीत पण गाठतो कधी कधी. पिन बाहेर ठेवू नका.

मिरजेचा_वायरमन
बरोबर. पिन माडीच्या खिडकीत आतच. आणि वायर खिडकीत शिरायच्या आधी तिला खाली वीतभर झोका द्या, म्हंजे पाणी वायरीवरनं पळत आत येत न्हाई, झोक्याच्या तळाला ठिबकून जातंय. जॉइंटला सिलिकॉन भरणार असाल तर आंबूस व्हिनेगरसारखा वास मारणारं घेऊ नका, त्यानं तांबं खराब होतंय. बिनवासाचं न्यूट्रल म्हणून मागा.

पेठेतला
(दिवाळीनंतर)
मंडळी, रिपोर्ट द्यायचा राहिला होता. काम झालं. दसऱ्याच्या सुट्टीत गेलो तेव्हा ओळखीच्या गवंड्याच्या पोराकडून सहा हूक आणि सहा कप्प्या बसवून घेतल्या, त्यानं लोखंडी घोडा (उभं राहून काम करायचा) लावला, कौलाला हात पण लावला नाही. आप्पा खाली उभे राहून "अजून इंचभर डावीकडं" करत होते.
चूक माझी एक झाली. २० एमएमचा पाइप आणला, आणि कप्प्या प्रत्येक पाइपाच्या दोन टोकांना घेतल्या. वर ओढला तर मधे असा झोळ पडला की वळचण हसतेय असं दिसायला लागलं. मग २५ एमएमचे पाइप आणले आणि दोऱ्या टोकापासून दोन दोन फूट आत घेतल्या, तेव्हा सरळ झालं. हूक पुन्हा मारावे लागले, पोरानं चहावर भागवलं. दोऱ्यांची खालची टोकं ओसरीच्या खिडकीच्या गजाला, लहान पोरांच्या हाताला येणार नाहीत अशी.
माळा पिवळ्या वॉर्म व्हाइट घेतल्या, लुकलुकणाऱ्या नको म्हणाले आप्पा, डोळे दुखतात. स्लॅबच्या खोलीला काही ठोकलं नाही, कठड्याच्या आतल्या बाजूला विटा ठेवून त्यांना बांधून माळा खाली सोडल्या. मागच्या पत्र्याला सोलरची, ती रात्री दहापर्यंत बरी चालते, पुढं डोळे मिटते. आरसीसीबी पण बसवली, आणि वसुबारसेलाच ट्रिप झाली! शोधलं तर तुळशीपाशी लावलेल्या जुन्या माळेची वायर कुंडीखाली दबून सोललेली, खाली ओलं. ती माळ आप्पांनी गुपचूप लावली होती, माचिसच्या काड्यांनी.
आकाशकंदिलाला पण एक कप्पी लावून दिली, हे त्यांचं त्यांनी सुचवलं. काकू रोज संध्याकाळी बघायला येतात, एकदा त्यांनी पण ओढून बघितलं.
आता एकच अडचण, तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवायची ठरली होती, आप्पा म्हणतात त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहू दे. नंतर माळा काढून ठेवायच्या कशा? दरवर्षी पिशवीतनं गुंता निघतो.

हळदपेव
काढूच नका. पाइप खाली घ्या आणि माळेसकट तसेच माडीत आडवे टाका, वर जुनी चादर. पुढच्या वर्षी नुसतं पिन लावून चालू होतात का बघायचं आणि ओढायचं.

मिरजेचा_वायरमन
आणि उंदरांचं बघा. माडीत ठेवणार असाल तर पाइप जमिनीवर नको, आढ्याखाली टांगा. वायर कुरतडायला त्यांना लई आवडती.