मदत हवी आहे: आयर्नब्रिजच्या मॉडेलमध्ये काठ आत सरकत नाहीत

इंग्लंडमधल्या सेव्हर्न नदीच्या घळईवरचा १७७९ चा ओतीव लोखंडाचा पूल नववीच्या मुलांना मॉडेलमधून दाखवायचा आहे. पूल भक्कम आहे, पण काठ भक्कम नाहीत. ज्या थरांतून कोळसा, लोहखनिज आणि विटांची माती मिळाली, त्यांतलीच मऊ चिकणमाती भिजली की नदीकडे घसरते. दोन्ही काठ कमानीला दाबत गेले, म्हणून १९७० च्या दशकात नदीतळाखाली काँक्रीटची उलटी कमान टाकून ते रोखावे लागले. मुलांना नेमकं हेच दिसायला हवं.

प्रमाण १:१००, म्हणजे गाळा (कमानीच्या दोन टोकांमधलं अंतर) साधारण ३१ सेंमी. ट्रे ९० × २० सेंमी. खाली २ सेंमी शाडू, दोन्ही बाजूंना त्यावर ६ सेंमी ओली वाळू, त्यात प्लास्टरचे खांब. शाडूचा उतार १० अंश ठेवला तर काही हलत नाही. २० अंशांवर वाळूचा पायथा पुढे येतो, पण खांब मागे कलतो आणि कमान चिमटण्याऐवजी सुटते. वरून पाणी सोडलं की वाळू नुसती वाहून जाते. शाडूवर साबणाचं पाणी लावूनही फरक नाही.

वीज नाही, दर अर्ध्या तासाला प्रयोग पुन्हा लावता यायला हवा. खांब न कलता आडवा आत सरकावा, यासाठी पाया शाडूपर्यंत खोल न्यावा, की वाळूऐवजी एकसंध ठोकळा वापरावा? आणि पाणी थराखालून कसं सोडावं?