हुरड्याच्या पंगतीत कथाकथन असावे का?

धागाकर्ता: डिसेंबर ते फेब्रुवारी या हुरड्याच्या हंगामात पुणे-सोलापूर पट्ट्यातील काही कृषी पर्यटन केंद्रे जेवणासोबत कथाकथन, भारूड किंवा गोंधळ ठेवतात. गेल्या महिन्यात अशाच एका ठिकाणी एक वयस्कर कथाकथनकार ग्रामीण विनोदी कथा सांगत होते. हशा येण्याआधीचा विराम त्यांनी घेतला आणि नेमका त्याच क्षणी वाढप्याने ‘पिठलं, पिठलं’ असा पुकारा केला. त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हटले, पण तोवर त्यातला जीव गेला होता. माझे मत स्पष्ट आहे: आधी पंगत उठावी, मग कथा सुरू व्हावी, ते जमत नसेल तर कथा ठेवूच नये.

केंद्रचालक: मी असेच एक केंद्र चालवतो. आमच्याकडे मंडळी पाचला येतात आणि नऊला निघतात. जेवणानंतर कार्यक्रम ठेवला की निम्मी माणसे हात धुऊन थेट गाडीत बसतात आणि कलाकार रिकाम्या सतरंजीसमोर उभा राहतो, हे मी दोन हंगाम अनुभवले आहे. त्याचे मानधन या ताटांच्या पैशांतूनच, त्याच रात्री, हातात पडते. आपली शुद्धता त्याला परवडेल का, हेही विचारात घ्यावे.

कुडाळकर: धागाकर्त्यांशी मी सहमत आहे. आमच्याकडे जत्रेत दशावतार पहाटेपर्यंत चालतो, लोक खाजे आणि भजीही खातात. पण ज्याला भूक लागते तो उठून दुकानापाशी जातो, नाटक त्याच्या ताटापाशी येत नाही. पिंगुळीच्या चित्रकथीचे तर विचारूच नका. गायन पुढे सरकते तसे एकेक चित्र समोर धरले जाते, तेव्हा भाकरी मोडायला मान खाली घातलेल्याचे चित्रच हुकते. चित्रकथी कलाकार परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हापासून अशा कार्यक्रमांसाठी विचारणा करणाऱ्यांनी निदान एवढे तरी जाणून घ्यावे.

मंगळवेढ्याचा शेतकरी: आपण गावाला सभागृहाच्या मापाने मोजत आहात. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथन गावोगावच्या व्यासपीठांवर नेले, तेव्हा समोर श्रोते रांगेत गप्प बसलेले असत. हुरडा भाजायच्या आगटीभोवती असे कधीच नव्हते. कणसे भाजली जात असतात, कोणी चोळून दाणे काढतो, कोणी लसणाची चटणी मागतो आणि गोष्ट चालूच असते, कारण हुरडा निवला की त्याची चव गेली. तो कोणाच्या विरामासाठी थांबत नाही. गोंधळ मात्र जेवणावळीत नको. तो देवीपुढचा कुळाचार आहे, आणि पनीरच्या वाटीशेजारी संबळ वाजलेला माझ्या आईला सहन झाला नसता.

धागाकर्ता: आगटीचा मुद्दा मान्य आहे, मी तो विचारात घेतला नव्हता. परंतु आगटीपाशी गोष्ट सांगणाराही सर्वांबरोबर हुरडा खातो आणि ऐकणारे मध्येच त्याला टोकतात, त्याची गोष्ट पुढे नेतात. त्या संध्याकाळचे कथाकथनकार मात्र पाहुणे गेल्यावर, पावणेदहाला, स्वयंपाकघराच्या मागे एकटे जेवत होते. ताट आणि गोष्ट एकत्र हवी असेल तर दोन्ही त्यांच्याही वाट्याला यावीत. केंद्रचालकांनी साडेपाचला, ध्वनिक्षेपकाशिवाय, आगटीपाशीच गोष्ट सुरू करून पाहावी आणि पंगत नंतर बसवावी.

केंद्रचालक: एका आगटीभोवती फार तर पंधरा जण नीट बसतात, रविवारी शंभरावर माणसे येतात आणि गोष्ट सांगणारा एकच असतो. शनिवारी गर्दी कमी असते, तेव्हा हा प्रयोग करता येईल, आणि त्यांचे पान पाहुण्यांच्याच पंगतीत मांडले जाईल, ही सूचना मी आजच स्वीकारतो. पिठल्याचा पुकारा मात्र थांबणार नाही. भाकरी तव्यावरून गरम येत असते.